काळ्या टी-शर्टवरचं भांडण

पहिला खटका बहुतेक घरांत टी-शर्टवरून उडतो. काळा, अंगापेक्षा दोन मापं मोठा, छातीवर कवटी, आणि वर बँडचं नाव अशा अक्षरांत की जमिनीतून उपटलेली मुळंच वाटावीत; वाचता काही येत नाही. आई चार वेळा सांगून बघते. पाचव्यांदा तो टी-शर्ट धुण्यात जातो आणि परत कपाटात येत नाही. आठवड्याने गॅलरीची जाळी पुसायचं फडकं म्हणून तो दिसतो. मूल बघतं, काही बोलत नाही. त्या संध्याकाळपासून खोलीला आतून कडी लागते.

कपड्याचं नुकसान चार-पाचशे रुपयांचं. कडीचं नुकसान फार मोठं, कारण पंधरा-सोळाव्या वर्षी मुलांवर येणारी खरी संकटं रात्री येतात, फोनमधून येतात आणि बंद दारामागे येतात. तशा एखाद्या रात्री मुलाने कडी काढून आई-बाबांना उठवावं, यासाठी आपल्याला जे काही करता येतं ते आधीच करून ठेवावं लागतं. म्हणून काळा रंग कुठे संपतो आणि धोका कुठे सुरू होतो, हे आधी आपल्याला कळायला हवं. दोन्हींना एकाच सुरात ‘ही काय थेरं’ म्हटलं, की आई-बाबांना दोन्हींतलं काहीच कळत नाही असं मूल धरून चालतं, आणि मग खऱ्या धोक्याबद्दल विचारायला ते आपल्याकडे येत नाही.

या टी-शर्टांमागचं जड, कर्कश रॉक संगीत म्हणजे हेवी मेटल. त्याचं मूळ इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीत आहे. तिथल्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. त्यांच्या टोनी आयोमी या गिटारवादकाच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली गेली होती. त्याने वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या करून बोटांना चढवल्या, पातळ तारा वापरल्या, पुढे त्या सैलही केल्या. त्यातून निघालेला जड, खोल आवाज या संगीताची ओळख बनला. गॉथ म्हणजे काळे कपडे आणि उदास संगीत यांत रमणारी मंडळी. त्यांचा गाजलेला अड्डा म्हणजे लंडनच्या सोहोमधला १९८२ साली सुरू झालेला बॅटकेव्ह क्लब. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव होत आला. धोबीतलावाजवळच्या रंगभवनात काळे टी-शर्ट घालून घसा बसेपर्यंत ओरडणारी पोरं आज पन्नाशीत आहेत, नोकऱ्या-धंदे करून संसारात आहेत. ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा मुंबईचाच बँड २००० सालापासून आहे. मृत्यू, एकटेपणा, देवावरचा राग हे या गाण्यांचे विषय असतात हे खरंच आहे. पण हे प्रश्न पंधराव्या वर्षी पडायचेच. घरात त्यांच्याबद्दल बोलता येत नसेल, तर मूल जिथे ते बोलले जातात तिथे जाऊन बसतं.

कपड्यांवरून माणूस ओळखायची घाई किती महागात पडते, याची दोन उदाहरणं प्रत्येक पालकाला माहीत असावीत. अमेरिकेत अर्कान्सा राज्यातल्या वेस्ट मेम्फिस गावात मे १९९३ मध्ये आठ वर्षांच्या तीन मुलांचा खून झाला. संशय गेला गावातल्या तीन किशोरवयीन मुलांवर. काळे कपडे, मेटलची गाणी, जादूटोण्यावरची पुस्तकं कोर्टात पुराव्यासारखी मांडली गेली. १९९४ साली एकाला मृत्युदंड आणि दोघांना जन्मठेप झाली. ऑगस्ट २०११ मध्ये, अठरा वर्षं तुरुंगात काढल्यावर, तिघे बाहेर आले. डीएनए तपासण्यांत त्यांच्याविरुद्ध काहीच निघालं नव्हतं. दुसरं उदाहरण इंग्लंडचं. लँकेशरमधल्या बेकप गावात ऑगस्ट २००७ मध्ये सोफी लँकेस्टर या वीस वर्षांच्या मुलीला आणि तिच्या मित्राला टोळक्याने बागेत बेदम मारलं. कारण एवढंच की दोघे गॉथ दिसत होते. सोफी त्यात गेली. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टर पोलीस अशा वेशभूषेमुळे झालेल्या हल्ल्यांची नोंद द्वेषातून घडलेला गुन्हा म्हणून करू लागले. काळे कपडे घालणाऱ्या मुलामुळे इतरांना किती धोका, हे सगळे विचारतात. वर्गात, रिक्षा स्टँडवर, सोसायटीच्या गेटवर त्याला स्वतःला काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे फार कमी घरांत विचारलं जातं. ‘येताना कुणी काही बोललं का?’ एवढा प्रश्न रोजच्या चहाबरोबर विचारता येतो.

मग काळजीचं काही नाही का? आहे. ग्लासगोत १९ वर्षांच्या १,२५८ तरुणांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. स्वतःला गॉथ म्हणवणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांनी कधी ना कधी स्वतःला इजा केली होती. आकडा भयंकर वाटतो, पण त्या अभ्यासात गॉथ मुलं होती फक्त १५, आणि काहींनी गॉथ व्हायच्या आधीच स्वतःला इजा करायला सुरुवात केली होती. २०१५ साली ब्रिस्टलच्या परिसरातल्या ३,६९४ मुलांचा मोठा अभ्यास आला. पंधराव्या वर्षी स्वतःला पक्कं गॉथ मानणाऱ्यांमध्ये अठराव्या वर्षी नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट आणि स्वतःला इजा करण्याचं सुमारे पाचपट निघालं. संशोधकांनी तेव्हाच सांगितलं होतं की गॉथ झाल्यामुळे हे होतं असं यातून म्हणता येत नाही. आधीच दुखावलेली, एकटी पडलेली मुलं आपल्यासारखी मुलं शोधत तिथे पोचतात, हेही तितकंच शक्य आहे. घरापुरता याचा अर्थ असा की काळा टी-शर्ट काढून घेतल्याने दुःख जात नाही. मात्र मूल एकाएकी काळं घालू लागलं असेल तर त्याची झोप, भूक आणि मित्र यांच्याकडे बारीक लक्ष द्यायला हवं.

आपल्याकडे यात आणखी एक फाटा फुटतो. वहीवर पंचकोनी तारा, गळ्यात उलटा क्रूस, मैत्रिणींबरोबर ओइजा बोर्ड, म्हणजे आत्म्यांना प्रश्न विचारायचा अक्षरांचा पट, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, बाहेरचं काहीतरी लागलंय. वाटी ठेवून केलेलं प्लँचेट मराठी घरांना आणि होस्टेलना नवीन नाही. ओइजा बोर्डाचं पेटंट १८९१ सालचं आहे. तो खेळ म्हणूनच विकला गेला. वाटी का सरकते, याचं उत्तर मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८५३ मध्येच प्रयोग करून दिलं होतं. टेबल ‘आपोआप’ फिरवणाऱ्यांच्या हातांखाली त्याने सरकू शकतील असे पुठ्ठ्यांचे थर ठेवले आणि दाखवलं की आधी हात ढकलतात, मग टेबल हलतं. बसलेल्या माणसांना आपण ढकलतोय हे कळत नाही इतकंच. हा प्रयोग मुलाबरोबर घरी करता येतो: बोटं ठेवणाऱ्यांचे डोळे बांधायचे आणि त्यांना न सांगता अक्षरांचा कागद फिरवायचा. उत्तरं लगेच निरर्थक होतात. रागावण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

बाबा-मांत्रिकाकडे मात्र अजिबात जाऊ नये. तिथे मुलाला मार बसतो, धुरी दिली जाते, आणि नैराश्याच्या उपचारांचे मोलाचे महिने वाया जातात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला त्यांचा खून झाल्यावर तो आला. तो वापरायची वेळ आपल्याच नातेवाइकांवर येऊ नये, म्हणून आजी किंवा आत्या ‘एकदा दाखवून तर आणू’ म्हणाली की आई-बाबांनी तिथल्या तिथे, मुलाच्या देखत, नाही म्हणावं.

घरात नियम लावताना एक कसोटी फार उपयोगी पडते: हे परत उलटवता येतं का? केस वाढतात, रंग उतरतो, नेलपॉलिश ॲसिटोनने पाच मिनिटांत जातं. शुक्रवारी संध्याकाळी काळं लावायचं आणि रविवारी रात्री शाळेसाठी काढायचं, हा करार बहुतेक मुलं पाळतात. केस रंगवायचे तर काळ्या आणि गडद डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची ॲलर्जी डोळे सुजेपर्यंत जाऊ शकते. कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबायचं. कानाची पाळी टोचली तर सहा ते आठ आठवड्यांत भरते, पण वरच्या कुर्चेला सहा महिने ते वर्ष लागतं. ती जागा दुकानातल्या टोचायच्या बंदुकीने कधीच टोचून घेऊ नये; कुर्चा चेचली जाते, पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडतो. टॅटू उलटत नाही, म्हणून अठराच्या आधी नाही. चांगले स्टुडिओही अठराखालच्यांना उभं करत नाहीत. खरी भीती असते ती मित्राच्या खोलीत सुई आणि शाई घेऊन होणाऱ्या टॅटूची, कारण एकच सुई दोघांना लागली की हेपटायटिस बी आणि सी दोन्हींना दार उघडं. हे कारण सांगून ‘नाही’ म्हटलं तर मूल कुरकुरतं, पण ऐकतं. ‘लोक काय म्हणतील’ या कारणाने म्हटलेलं ‘नाही’ त्याच आठवड्यात मोडलं जातं.

मैफलीला जायचं म्हणाले तर जाऊ द्यावं. बंद पायाचे बूट, पाण्याची सोय, आणि कानांत फोमचे बोळे. १०० डेसिबलच्या आवाजात कान सुरक्षित राहण्याची मर्यादा साधारण १५ मिनिटांची आहे, आणि मेटलची मैफल दोन-तीन तास चालते. स्टेजसमोरची धक्काबुक्की बाहेरून मारामारी वाटते, पण तिचा एक पाळला जाणारा रिवाज आहे: कुणी पडलं की आजूबाजूच्यांनी थांबून आधी त्याला उभं करायचं.

आता जिथे टी-शर्टचा संबंध संपतो तिथे येऊ. पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात पूर्ण बाह्या. पोहायला अचानक नकार. प्रथमोपचाराच्या डब्यातल्या पट्ट्या कुणी न सांगता संपणं. बाथरूममध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ, आणि स्वतःचे कपडे स्वतः धुवायचा हट्ट. वस्तू वाटून टाकणं, आवडतं वाद्य कुणाला देऊन टाकणं. यांतलं एखादं दिसलं म्हणजे झालंच असं नाही, पण दोन-तीन एकत्र दिसली तर विचारायला हवं, आणि विचारायची पद्धत महत्त्वाची. समोरासमोर बसवून, दोघांनी मिळून, ‘आम्हाला तुझ्याशी बोलायचंय’ अशी सुरुवात केली की मुलाला ती चौकशी समिती वाटते. मटार सोलताना, गाडीत शेजारी बसलेलं असताना, अंधारात गच्चीवर फिरताना बोलणं सोपं जातं, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. एकाच पालकाने बोलावं, आणि बोलणं थोडकं असावं:

‘तुझ्या हातावरच्या खुणा मी पाहिल्या. मी रागावलेली नाहीये. दुखतंय का आत्ता?’

मग गप्प बसायचं. ही शांतता मिनिटभर टिकते आणि मिनिट फार मोठं वाटतं. ती आपण भरायची नाही. ‘आम्ही काय कमी केलं तुझ्यासाठी’ हे वाक्य इथे तोंडून निघालं की संभाषण संपलं. मुलाने होकार दिला तर पुढचा प्रश्न थेट विचारावा: ‘मरून जावंसं वाटतं का कधी?’ असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार घुसतो, ही भीती सार्वत्रिक आहे आणि चुकीची आहे. आजवरचे अभ्यास सांगतात की विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बऱ्याच मुलांना सुटल्यासारखं वाटतं. स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येक मुलाला मरायचं नसतं. अनेकांना आतला असह्य कोंडमारा थोडा वेळ थांबवायचा असतो. पण या दोन गोष्टी एकमेकींना लागून असतात, म्हणून विचारल्याशिवाय सोडू नये.

जखम ताजी असेल तर आधी जखम. वाहत्या पाण्याखाली धुवायची, स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न उघडता दाबून धरायची. कडा फाकलेल्या असतील किंवा दहा मिनिटांनीही रक्त थांबत नसेल तर टाक्यांसाठी त्याच दिवशी दवाखाना, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्यायचं. हे करताना चेहरा शांत ठेवणं हेच सगळ्यांत अवघड काम आहे.

मग घर आवरायचं. टोकाची लाट बऱ्याचदा काही मिनिटांची किंवा तास-दोन तासांची असते. त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. श्रीलंकेत सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली, तेव्हा १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. घरातही तेच करायचं. आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, पॅरासिटामॉलच्या पट्ट्या कुलपात. लागतील तेवढ्याच गोळ्या बाहेर. उंदराच्या औषधाची पेस्ट घरात ठेवायचीच नाही. गावाकडे शेतातली फवारणीची औषधं राहत्या घराबाहेर, कुलपात, आणि किल्ली खिशात. पॅरासिटामॉलबद्दल एक गोष्ट पालकांना हमखास माहीत नसते: जास्त गोळ्या घेतलेलं मूल पहिला दिवसभर ठणठणीत दिसू शकतं, यकृताचं नुकसान मागाहून उघड होतं. उतारा पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर त्याचा सर्वांत चांगला उपयोग होतो. म्हणून ‘उलटी झाली, आता बरं वाटतंय’ यावर विसंबून राहू नये, लगेच न्यावं.

दवाखान्यात न्यायला पालक कचरतात ते पोलिसांच्या भीतीने. रुग्णालय एमएलसीची (पोलिसांना कळवावं लागणारं, ‘मेडिको-लीगल’ प्रकरण) नोंद करतं, पोलीस जबाब घ्यायला येतात, हे खरं आहे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणाऱ्या जुन्या ३०९ कलमासारखा गुन्हाच उरलेला नाही. नोंद होईल, मुलावर खटला होणार नाही. त्या भीतीने वाया गेलेला एक तास परत मिळत नाही.

उपचारांसाठी माणूस निवडताना पाटी वाचून भागत नाही. ‘समुपदेशक’ अशी पाटी फार थोड्या शिक्षणावरही लागते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.डी. किंवा डी.पी.एम. केलेले डॉक्टर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो विचारायला लाजू नये. मुलाला न्यायचं तर ‘तीन वेळा जाऊन बघ, नाही पटलं तर माणूस बदलू’ हा करार चालतो. ‘तुला डॉक्टरकडे नेऊनच सुधारते’ हे चालत नाही. तिथे काय बोलणं झालं, ते परतीच्या रिक्षात विचारू नये. जिवाला धोका असेल तर डॉक्टर आपणहून सांगतात. नैराश्याच्या गोळ्यांना काम करायला चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत तरुण मुलांमध्ये अस्वस्थता आणि टोकाचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात गोळ्या पालकांच्या ताब्यात आणि नजर जास्त. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायच्या नाहीत. मध्यरात्री कुणीच नसेल तेव्हा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. तो मुलाच्या फोनमध्ये कसा दिसेल याची काळजी वाटत असेल तर वेगळ्या नावाने साठवून ठेवा.

आता फोनकडे. २०१७ साली मुंबईतल्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर देशभर ब्लू व्हेल नावाच्या ऑनलाइन खेळाची दहशत पसरली. पन्नास दिवस, पन्नास कामं, शेवटी मृत्यू, असं सांगितलं जायचं. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की संशयित प्रकरणांच्या तपासात कुठेच या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. मग मोमो नावाच्या तशाच खेळाची बातमी आली, तीही हवेतलीच निघाली. या दोन खोट्या हाकांनी पालक थकले, आणि खरी हाक आली तेव्हा ती ऐकू आली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला: ७६४ आणि तशाच नावांची ऑनलाइन टोळकी ८ ते १७ वयाच्या मुलांना हेरून त्यांच्याकडून लैंगिक चित्रफिती काढून घेतात, त्यांना स्वतःला इजा करायला, प्राण्यांना मारायला लावतात आणि ते थेट प्रक्षेपणात बघतात. हेरलं जातं ते आधीच खचलेलं, एकटं मूल. हेरणारे अनेकदा स्वतः सोळा-सतराचे असतात.

पद्धत जवळजवळ ठरलेली असते. ओळख खेळात होते, रोब्लॉक्सवर किंवा नैराश्याबद्दल बोलणाऱ्या एखाद्या गटात. पहिले दोन-तीन आठवडे ती व्यक्ती अत्यंत प्रेमळ असते. रात्री दोन वाजता उत्तर देते, जे घरी कुणी देत नाही. मग बोलणं डिस्कॉर्ड किंवा टेलिग्राम या गप्पांच्या ॲपच्या खासगी खिडकीत हलतं. मग एक फोटो. तो मिळाला की सूर बदलतो: सांगतो ते कर, नाहीतर हा फोटो तुझ्या शाळेच्या ग्रुपवर. पुढे हातावर त्यांचं टोपणनाव कोरायला लावतात. अंगावर अक्षरं किंवा आकडे दिसले तर ते मुलाचं स्वतःचं दुःख नसून कुणाचा तरी हुकूम असण्याची शक्यता फार मोठी असते. फोन वाजला की चेहरा पांढरा पडणं, घरातल्या मांजराचं अचानक जखमी होणं, विशिष्ट वेळी खोलीत जायलाच हवं असा जीवघेणा आग्रह, ही त्याची बाकीची चिन्हं.

आणि एक चिन्ह मराठी घरांत हमखास निसटतं. मुलाने वहीत स्वस्तिक काढलं तर आजीला बरंच वाटेल. पण ते पंचेचाळीस अंशांत तिरकं, काळं, शेजारी १४ किंवा ८८ हे आकडे, किंवा बारा आऱ्यांचा काळा सूर्य असेल, तर ते देवघरातलं नाही. ती नाझी चिन्हं आहेत, आणि शाळांत गोळीबार करणाऱ्यांना हिरो मानणाऱ्या गटांत ती सर्रास फिरतात.

धमकीचं उघड झालं की बापाचा हात पहिल्यांदा फोन फोडायला उठतो. तो आवरायचा. फोन हा पुरावा आहे. अकाउंट डिलीट करायचं नाही, ब्लॉक करण्याआधी नोंदी घ्यायच्या: टोपणनाव, सर्व्हरचं (डिस्कॉर्डवरच्या गटाचं) नाव, तारीख, वेळ. डिस्कॉर्डवर नाव क्षणात बदलता येतं, पण प्रत्येकाचा १७ ते १९ आकडी आयडी बदलत नाही. सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड, त्यात डेव्हलपर मोड चालू केला की त्या नावावर दाबून धरल्यावर ‘कॉपी यूजर आयडी’ येतं. तो आकडा लिहून ठेवायचा. धमक्यांच्या मजकुराचे स्क्रीनशॉट चालतात. मुलाचे नग्न फोटो मात्र कुणालाही पाठवायचे नाहीत, वकील असलेल्या काकांनासुद्धा नाही. पुरावा म्हणून केलेली ती प्रतही कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते. फोन आहे तसा पोलिसांकडे द्यावा. पैसे द्यायचे नाहीत, नवा फोटो द्यायचा नाही. दिल्याने मागणी थांबत नाही, वाढते.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर म्हणून नोंदवता येते, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलच्या महिला-बालक विभागात. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेतला जातो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाकडून, आणि गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. हे आपल्याला माहीत आहे असं ठाण्यात शांतपणे बोलून दाखवलं की पुष्कळ फरक पडतो. फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे: फोटो कुठेही न चढवता फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा बनतो आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारे फोटो काढून टाकतात. अठरा वर्षांच्या आत काढलेल्या फोटोंसाठीच ती आहे.

फोन जप्त करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शिक्षा म्हणून करू नये. धमकावणारा मुलाला नेमकं हेच सांगत असतो, की घरी कळलं तर फोन जाईल, आणि आपण त्याचं म्हणणं खरं करून दाखवतो. मूल मित्राचा जुना हँडसेट मिळवतं, दुसरं खातं उघडतं, आणि आता आपल्याला काहीच दिसत नाही. त्यापेक्षा काही घडायच्या आधी, एखाद्या साध्या दिवशी सांगून ठेवावं: ‘फोनमध्ये कितीही वाईट काही झालं, अगदी तुझ्या चुकीने झालं, तरी सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही.’ आणि रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन हॉलमधल्या एका टेबलावर चार्जिंगला, बाबांचासुद्धा. बाबांचा फोन उशाशी राहिला तर हा नियम आठवडाही टिकत नाही. डिस्कॉर्डचं ‘फॅमिली सेंटर’ जोडून घेता येतं. त्यात मूल कुणाशी बोललं, कोणत्या सर्व्हरवर गेलं एवढं दिसतं, मजकूर दिसत नाही. पंधरा वर्षांच्या मुलासाठी एवढं अंतर मला योग्य वाटतं. चोरून बसवलेलं पाळत ठेवणारं ॲप सापडल्याशिवाय राहत नाही, आणि सापडल्यावर घरात कुणाचाच कुणावर विश्वास उरत नाही.

आणि ती रात्र आलीच, दार उघडून मूल समोर उभं राहिलंच, तर सकाळपर्यंतचं काम थोडं आहे. ‘बरं केलंस सांगितलंस.’ दिवा लावायचा, पाणी द्यायचं. गादी आपल्या खोलीत ओढायची, मुलाला एकटं सोडायचं नाही, बाथरूमची कडी न लावता जायला सांगायचं. फोन बंद न करता आपल्याजवळ घ्यायचा, त्याच्या संमतीने, आणि कुणालाही उत्तर द्यायचं नाही. कारणं, दोष, कुणामुळे, कधीपासून, यांतलं काहीही त्या रात्री विचारायचं नाही. सकाळी शाळेला सुट्टी, एका पालकाची रजा, आणि डॉक्टर.

टी-शर्टचं म्हणाल तर तो वेगळा धुवावा. उलटा करून, थंड पाण्यात, ब्लीच न घालता. पिळायचा नाही, छापाला तडे जातात. उलटाच सावलीत वाळत घालायचा, कडक उन्हात काळा रंग दोन महिन्यांत विटतो. इस्त्री छापावरून फिरवायची नाही. घडी करून दारावर टकटक करायची, आणि त्याच्या हातात द्यायचा.